शैवालभक्षी मासे, मत्स्यालयातील

पाण्यातील दगड, लाकूड, वनस्पतींची पाने आणि मत्स्यालयाच्या काचा यांवर वाढणारे शैवलांचे पातळ पटल खरवडून त्यावर उपजीविका करणारे लहान मासे. गोड्या पाण्यातील असे मासे मुख्यत्वे कार्प माशांच्या सिप्रिनिडी कुलात व दक्षिण अमेरिकेतील चिलखती मार्जारमीनांच्या लोरिकॅरिइडी कुलात मोडतात. समुद्रातील लहान शैवालभक्षी मासे प्रामुख्याने ब्लेनिइडी कुलातील आहेत. घरगुती मत्स्यालयात या माशांचे स्थान बहुधा दुय्यम मानले गेले आहे. रंगीत मासे पाहण्यासाठी आणि हे मासे काच पुसण्यासाठी, अशी सरळ वाटणी हौशी माणसाने करून टाकलेली असते. परंतु यांतील काही माशांच्या अभ्यासाचा इतिहास घरगुती मत्स्यालयाच्या इतिहासाहूनही जुना असून त्याचा मोठा भाग महाराष्ट्राच्या पठारावर आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत घडला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातून वाहणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचा प्रदेश हा त्यांच्या नैसर्गिक वसतिस्थानाचाच एक भाग होय.

आहार व मुखरचना : ज्यास सर्वसाधारण भाषेत शेवाळ म्हणतात ते एका जातीच्या वनस्पतीचे पटल नसते. त्यात करंडक वनस्पती (डायाटम), नील-हरित व हरित शैवले, जंतू, सूक्ष्म प्राणी आणि त्यांत अडकलेला सेंद्रिय गाळ यांचे मिश्रण असते. दगडावरून पाय घसरतो तो या पटलामुळेच. ते खरवडण्यासाठी माशाचे तोंड खाली वळलेले, ओठ जाड व कडा कठीण असाव्या लागतात. अन्नात पोषकांश कमी व न पचणारा भाग अधिक असल्यामुळे आतडे फार लांब असते. ते वेटोळे करून उदरपोकळीत बसविलेले दिसते व त्याची लांबी शरीराच्या कित्येक पट भरते. साहजिकच अशा माशास दिवसभर चरावे लागते. ठराविक वेळी चिमूटभर खाद्य टाकून त्याचे भागत नाही आणि मत्स्यालयात हे मासे मरण्याचे सर्वांत सामान्य कारण रोग हे नसून उपासमार हे आहे.

मळ्या व त्याचे संशोधन : दख्खनच्या नद्यांतील या प्रकारचा प्रातिनिधिक मासा म्हणजे मळ्या. याचे शास्त्रीय नाव गॅरा मुल्या. शरीर लांबट, जवळजवळ नळीसारखे. पाठ करडी-हिरवट आणि पोट चपटे व फिकट असते. खालच्या ओठाचे रूपांतर एका मांसल चकतीत झालेले असते. या चकतीच्या व आडव्या पसरलेल्या अंसपक्षांच्या साहाय्याने मासा वाहत्या पाण्यात खडकाला चिकटून राहतो. लांबी सामान्यतः १० ते १५ सेंमी. असते. रंगात मन वेधून घेण्यासारखे काही नाही. बाजारात त्याला मोल नाही. तथापि शास्त्रीय जगात त्याने आपले मराठी नाव टिकवून धरले आहे, हे विशेष.

याचे श्रेय कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांस द्यावे लागते. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांची दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीवर नेमणूक केली. जमीन, पिके, लोकसंख्या व वजनेमापे यांची माहिती गोळा करीत फिरताना साइक्स यांनी भीमा व तिच्या उपनद्यांतील मासे कोळ्यांकडून मिळविले, त्यांची वर्णने केली व चित्रे काढविली. १८३१ मध्ये ते भारतातून परतले. त्यांचा दख्खनच्या माशांवरील निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीने प्रथम संक्षेपाने १८३९ मध्ये व नंतर चित्रांसह १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात चाळीसहून अधिक जातींचे वर्णन असून बहुतेक नवीन होत्या. नव्या जातींस ग्रीक वा लॅटिन नावे देण्याची रूढी असता साइक्स यांनी अनेकदा कोळ्यांच्या तोंडची नावेच जातिनाम म्हणून घेतली. मुल्या, फुलंगी, खुद्री, कोलस, पोटैल, सिंगटी अशी ही नामावळी पाहिली म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी मासळीबाजारात उभे असल्याचा भास होतो. नाकावर खाच असलेल्या एका माशास त्यांनी नुक्ता हे नाव दिले. ते ‘नकटा’ या शब्दाचेच रूप आहे. हा मासादेखील दगडावरील शैवले खरवडणारा असून कृष्णा-भीमेच्या खोऱ्याबाहेर तो फारसा आढळत नाही.

साइक्स यांच्यापूर्वी या प्रदेशातील माशांची नोंद झालीच नव्हती, असे मात्र नाही. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर (कार. ११२७–३८) याच्या मानसोल्लास  या ग्रंथात मत्स्यविनोद हे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांचे निवासस्थान व गळास लावावयाची आमिषे यांचे वर्णन आहे. त्या काळी कोल्हापूरचे शिलाहार चालुक्यांचे मांडलिक होते. परंतु राजाच्या करमणुकीसाठी लिहिलेल्या या प्रकरणात गळास लागणाऱ्या मोठ्या माशांचा विचार प्रधान आहे. दगड चाटणाऱ्या बोटभर माशाकडे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. देवस्थानच्या डोहांतही हाच प्रकार दिसतो. महाडजवळील वाळणकोंड, वाडा तालुक्यातील तिळसे अशा ठिकाणी मासे श्रद्धेने राखले गेले, पण भाविकांनी चणे-चुरमुरे टाकले ते पृष्ठभागावर उसळी घेणाऱ्या महसीरला.

विसाव्या शतकात या लहान माशांना एकाएकी महत्त्व आले. भारतीय प्राणिवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले संचालक नेल्सन ॲनन्डेल यांनी मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांच्या प्राणिसृष्टीवर १९१९ मध्ये निबंध लिहिला. त्यात खंडाळ्याच्या ओढ्यांतील एका चिमुकल्या, दगडास चिकटणाऱ्या माशाचे वर्णन होते. सुंदरलाल होरा (१८९६–१९५५) यांनी १९२१ मध्ये त्याच्यासाठी पॅराप्सिलोऱ्हिंकस ही नवी प्रजाती स्थापन केली आणि त्याच वर्षी गॅरा प्रजातीतील भारतीय माशांचा सविस्तर आढावा घेतला. वेगवान प्रवाहात राहणाऱ्या माशांची शरीररचना हा पुढे होरा यांच्या आयुष्यभराच्या चिंतनाचा विषय झाला. पोटाकडील बाजू चपटी कशी होते, ओठाची चकती कशी बनते, पक्ष आडवे का पसरतात, यांची उत्तरे त्यांनी पाण्याच्या ओढीत शोधली.

त्यातूनच सातपुडा उपपत्ती निघाली. सह्याद्रीतील कित्येक मासे आसाम, ब्रह्मदेश व मलाया येथील माशांचे जवळचे नातलग आहेत. मधल्या गंगेच्या मैदानात व दख्खनच्या सपाट भागात मात्र ते नाहीत. हे मासे खळाळत्या, थंड, खडकाळ पाण्याखेरीज जगू शकत नाहीत, तर मग ते इकडे आले कसे? होरा यांचे उत्तर असे, की प्लाइस्टोसीन काळातील हिमयुगांत हवामान अधिक ओले असताना विंध्य-सातपुड्याच्या रांगांवर अखंड ओढ्यांची साखळी होती. आसामकडून निघालेले मासे तिच्यावरून टप्प्याटप्प्याने पश्चिमेस सरकले, सह्याद्रीच्या उत्तर टोकाशी पोहोचले व तेथून दक्षिणेस पसरले. पाण्याची भिंत चढून जाणारे, ओल्या खडकावर चिकटून सरकू शकणारे गॅरा व त्यासारखे मासे हे या उपपत्तीचे मुख्य साक्षीदार होते. १९४९ मध्ये या विषयावर भारतीय राष्ट्रीय विज्ञान संस्थेने परिसंवाद भरविला होता. आज ही उपपत्ती मूळ स्वरूपात फारसे कोणी मानीत नाही. सातपुड्याच्या रांगा एवढ्या अखंड होत्या याला भूवैज्ञानिक आधार अपुरा पडतो आणि रेणवीय अभ्यासांवरून निरनिराळ्या गटांचे वियोग वेगवेगळ्या व पुष्कळ प्राचीन काळी झाले असावेत असे दिसते. तरीही एका प्रश्नाभोवती प्राणिशास्त्रज्ञ, भूवैज्ञानिक व वनस्पतिशास्त्रज्ञ यांना एकत्र आणण्याचे काम दगड चाटणाऱ्या माशांनी केले, ही गोष्ट लहान नव्हे.

कोल्हापूर परिसर : कोल्हापूरच्या माशांची पद्धतशीर यादी अ. गो. कलावार व सी. एन. केळकर यांनी तयार केली व ती १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नंतरच्या प्रत्येक पाहणीला तुलनेसाठी हीच यादी घ्यावी लागते. तिच्या नंतर नद्यांत झालेला पालट मोठा आहे. पंचगंगा व तिच्या उपनद्यांवर ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ या नावाने सर्वत्र ज्ञात झालेल्या बंधाऱ्यांची मालिका आहे. पावसाळा संपला की खांबांमधील गाळ्यांत फळ्या बसवून पाणी अडवितात व पुढील पावसापूर्वी त्या काढून घेतात. ऊसशेतीला या योजनेने जे दिले त्याविषयी वाद नाही. पण माशाच्या दृष्टीने पाहता वर्षातील सात-आठ महिने वाहती नदी ही डोहांची माळ होते. प्रवाह थांबला की गाळ खाली बसतो, गाळाखाली दगड जातात, दगडावरील प्रकाश जातो आणि त्याबरोबर करंडक वनस्पतींचे पटलही जाते. मळ्यासारख्या माशाचे कुरणच नाहीसे होते. त्यात शहरांचे सांडपाणी व कारखान्यांचे मळीयुक्त पाणी यांची भर पडते. उन्हाळ्यात पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. घाटमाथ्याजवळच्या ओढ्यांची, विशेषतः राधानगरी अभयारण्याच्या परिसरातील ओढ्यांची, स्थिती त्या मानाने पुष्कळ बरी आहे.

रंकाळ्याची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे शैवले कमी पडत नाहीत, अति होतात. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांमुळे तलावाचे पाणी हिरवे होणे, त्याला दुर्गंधी येणे, केंदाळ माजणे हे प्रकार कोल्हापूरकरांनी अनेकदा अनुभवले आहेत. यावर शैवालभक्षी मासे सोडावेत, ही सूचना अशा प्रत्येक तलावाच्या बाबतीत केव्हा ना केव्हा पुढे येते. पाण्यातील सूक्ष्म शैवले गाळून खाणारा चंदेरी मासा अथवा सिल्व्हर कार्प १९५९ मध्ये भारतात आणला गेला तो मत्स्योत्पादनासाठी. १९७१ मध्ये पुरामुळे तो हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात शिरला व थोड्याच वर्षांत तेथील पकडीत त्याने कटल्याची जागा घेतली. शैवालभक्षी मासा परका असला व पाणी मोठे असले, की तो नोकर न राहता मालक होतो.

घरगुती मत्स्यालयाचा उदय : बंद काचपात्रात मासे दीर्घकाळ जगविण्याची युक्ती लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९–५० मध्ये सिद्ध केली. सुमारे ५५ लिटरच्या पात्रात त्यांनी दोन सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती ऑक्सिजन देईल व मासे कार्बन डाय-ऑक्साइड देतील, हा हिशेब बरोबर होता. पण काही काळाने कुजणारी पाने व हिरवी बुरशी यांनी पाणी बिघडू लागले. तेव्हा त्यांनी पात्रात तळ्यातील गोगलगायी सोडल्या आणि समतोल साधला. म्हणजे मत्स्यालय ही कल्पना शैवालभक्षी प्राण्यावाचून पहिल्याच वर्षी अडली होती. समुद्राच्या पाण्याच्या पात्रात हेच काम खडकावरील लहान शंखप्राण्यांकडून करून घेण्यात आले. फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ च्या आपल्या पुस्तकात काचेवरील हिरवे पटल कापीत जाणाऱ्या या प्राण्याच्या जिभेचे कौतुक केले आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह १८५३ मध्ये खुले झाले आणि काही वर्षे इंग्लंडमधील मध्यमवर्गीय घरांत मत्स्यालयाचे वेडच पसरले.

महाराष्ट्रात या छंदाला सार्वजनिक रूप आले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. मरीन ड्राइव्हवरील या मत्स्यालयाचे उद्‌घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. समोरच्या समुद्राचे पाणी घेऊन चालणाऱ्या तेथील टाक्यांत पठारावरील कित्येक मुलांनी प्रवाळांमधील मासे प्रथम पाहिले. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या शालेय सहलींत राणीच्या बागेइतकेच याही ठिकाणाला स्थान होते. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले, परंतु पुढील दशकाच्या आत इमारत धोकादायक ठरून बंद करण्यात आली. रत्नागिरी येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय असून कोल्हापूरकरांना आंबा घाटाने ते अधिक जवळचे आहे.

घरगुती टाक्यांत काच स्वच्छ ठेवण्यासाठी विकले जाणारे मासे मात्र देशी नव्हेत. थायलंड व आसपासच्या प्रदेशातील गायरिनोकायलस आयमोनिएरी  हा मासा ‘चिनी’ म्हणून विकला जातो, यात व्यापाऱ्याच्या भूगोलाखेरीज दुसरे काही नाही. त्याच्या क्लोमपिधानाच्या वरच्या बाजूस पाणी आत घेण्यासाठी वेगळे छिद्र असते. त्यामुळे तोंडाची पकड न सोडता त्याला श्वसन करता येते. लहानपणी तो शैवले खातो, वाढल्यावर इतर माशांच्या अंगावरील श्लेष्मा चाटू लागतो. सर्वांत जास्त खप आहे तो दक्षिण अमेरिकेतील चिलखती मार्जारमीनांचा, म्हणजे दुकानात ‘सकर’ या नावाने मिळणाऱ्या माशाचा. विकत घेताना तो बोटाएवढा असतो. दोन-तीन वर्षांत तो हातभर होतो, टाकीत मावत नाही, आणि मारवत नाही म्हणून मालक त्याला जवळच्या नदीत किंवा तलावात सोडतो. सोडणाऱ्यास ते पुण्यकर्म वाटते. हा मासा हवेतील ऑक्सिजन घेऊ शकत असल्याने दूषित पाण्यातही तगतो, काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो. अंगावर हाडांचे चिलखत व काटे असल्याने त्याला खाणारे शत्रू थोडे व जाळ्यांचे नुकसान मोठे. उजनी जलाशयात व भीमेच्या खोऱ्यात मच्छीमारांच्या जाळ्यांत तो मोठ्या संख्येने येऊ लागला आहे. ज्या भीमेच्या खोऱ्यातून साइक्स यांनी मराठी नावांचे मासे इंग्लंडला नेले, तेथे आता दगडावरच्या पटलासाठी मळ्याला या पाहुण्याशी स्पर्धा करावी लागते.

गॅरा प्रजातीचे नाव शहरी लोकांना माहीत झाले ते आणखी एका विचित्र वाटेने. पश्चिम आशियातील गॅरा रूफा  हा मासा माणसाच्या पायावरील मृत त्वचा कुरतडतो. त्याच्या टाक्यांत पाय सोडून बसण्याची सोय काही काळ मोठ्या शहरांतील दुकानांत झाली होती. शैवाल मिळेनासे झाल्यावर या कुलातील मासा काय करतो, याचेच ते दर्शन होते.

प्रवाळ मत्स्यालय व ब्लेनी मासे : समुद्राच्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय पुष्कळ काळ केवळ माशांपुरते होते, तळाशी पांढरी, वाळलेली प्रवाळे शोभेला ठेवीत व ती हिरवी पडली की बाहेर काढून धूत असत. जाकार्ता येथील ली चिन इंग यांनी १९६१ मध्ये वेगळी रीत प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले, सूक्ष्मजीवांनी व शैवलांनी भरलेले दगड, हवेचे मंद बुडबुडे व सूर्यप्रकाश एवढ्यावर त्यांनी जिवंत प्रवाळे वाढविली. पुढे जर्मनीत व १९८० नंतर अमेरिकेत या रीतीला यंत्रांची जोड मिळून आजचे प्रवाळ मत्स्यालय तयार झाले. त्यात शैवाल हा धुऊन टाकण्याचा मळ राहिला नाही, तो व्यवस्थेचा घटक झाला. चरणारे प्राणी नसतील तर शैवाल प्रवाळांना गुदमरवून टाकते, याचा निसर्गातला दाखला लवकरच मिळाला. १९८३–८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील लांब काट्यांचे सागरी साळू रोगाने जवळजवळ नष्ट झाले. अतिमासेमारीने शैवालभक्षी मासे तेथे आधीच विरळ झाले होते. वादळांनी मोडलेल्या प्रवाळांच्या जागी शैवाल वाढले आणि जमैकाच्या खडकांवरील जिवंत प्रवाळांचे प्रमाण १९७७ च्या सुमारे ५० टक्क्यांवरून १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सुमारे ३ टक्क्यांवर आले.

घरगुती प्रवाळ मत्स्यालयात चराईसाठी ठेवला जाणारा लोकप्रिय मासा म्हणजे सॅलॅरियस फॅसिॲटस  ही ब्लेनी. मार्कुस ब्लॉख यांनी १७८६ मध्ये हिचे वर्णन केले. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत हिचा प्रसार आहे. लांबी १४ सेंमी.पर्यंत, शरीरावर खवले नसतात, रंग मातकट, त्यावर गडद पट्टे व पांढरे ठिपके. डोळे डोक्यावर उंच असून ती प्रत्येक डोळा वेगळा फिरविते, त्यामुळे चेहऱ्यावर सदा चौकसपणाचा भाव दिसतो. ओठांच्या मागे कंगव्यासारखी सूक्ष्म दातांची ओळ असते. ती काचेवर टेकवून मासा पुढे सरकला की ओठांच्या आकाराचे स्वच्छ ठसे उमटत जातात. याच कुलातील, निम्मे अंग तपकिरी व निम्मे नारिंगी असलेली एक्सेनियस बायकलर  ही जाती भारतीय माशांवरील प्रमाणग्रंथाचे कर्ते फ्रान्सिस डे यांनी १८८८ मध्ये आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत प्रथम वर्णन केली. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यांत उड्या मारीत खडकाच्या भेगांत नाहीसे होणारे चिंचोळे मासे याच कुलातील असतात. त्यांच्यावर हौशी लोकांची नजर फारशी गेलेली नाही, हे त्यांचे भाग्यच म्हणावयाचे.

ब्लेनी केवळ शैवाल खाते हा समज अर्धवट आहे. शैवलांच्या जाळीत अडकलेला सेंद्रिय गाळ हाही तिच्या पोषणाचा महत्त्वाचा भाग असतो, असे प्रवाळभित्तींवरील अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून नव्या टाकीत, जेथे हिरवे पटल दिसते पण गाळ व सूक्ष्मजीव साठलेले नसतात, तेथे ती रोडावते. टाकी काही महिने मुरलेली, किमान १०० लिटरची व दगडांत बिळे असलेली असावी; एका टाकीत एकच ब्लेनी ठेवावी, कारण आपल्या बिळाभोवती ती दुसरीला फिरकू देत नाही. पोट खपाटीला जाणे ही धोक्याची खूण होय. अशा वेळी वाळवलेल्या सागरी शैवलाचे तुकडे दगडाला बांधून द्यावेत.

माशाने शैवाल खाल्ले म्हणजे पाणी शुद्ध झाले, हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. खाल्लेल्या शैवलातील नायट्रोजनाचा बराच भाग अमोनियाच्या रूपाने पुन्हा पाण्यात येतो. जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात आणि त्यावर पुन्हा शैवाल वाढते. पोषकद्रव्ये खरोखर बाहेर काढावयाची तर पाणी बदलणे किंवा शैवालच कापून बाहेर टाकणे भाग असते. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी १९८० नंतर या दुसऱ्या तत्त्वावर शैवलाच्या हिरवळीची गाळणी विकसित केली.

कोल्हापुरात या सर्वांचा प्रारंभ पाण्यापासून होतो. सागरी पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅ. लवणे असतात व त्यांत मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट इत्यादी ठराविक प्रमाणात लागतात. स्वयंपाकाचे मीठ विरघळवून समुद्र होत नाही. किनाऱ्यावरून पाणी आणावयाचे तर सुमारे १३० किमी.चा घाटरस्ता, तयार लवणमिश्रण वापरावयाचे तर मूळ पाणी निर्मळ हवे. ऊसपट्ट्यातील विहिरींच्या पाण्यात खतांतील नायट्रेट उतरलेले असण्याचा संभव असतो. त्यामुळे व्युत्क्रमी तर्षणाने गाळलेले पाणी वापरणे इष्ट ठरते. पाण्याचे तापमान २४° ते २७° से. राखावे लागते, एप्रिल-मे महिन्यांत ते यंत्रावाचून जमत नाही, आणि वीज दीर्घकाळ गेली की प्रवाळे व मासे दगावण्याचा धोका असतो.

कायद्याची मर्यादा याहून कडक आहे. २००१ पासून भित्ती बांधणारी प्रवाळे, काळे प्रवाळ व समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. भारतीय समुद्रातील असे प्रवाळ, मग ते मृत असले तरी, काढणे, बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रातील प्रवाळांचे महत्त्वाचे स्थळ असलेल्या मालवणच्या समुद्रात १९८७ मध्येच सागरी अभयारण्य घोषित झाले. त्यामुळे घरगुती टाकीत दगड कृत्रिम किंवा भाजलेल्या मातीचे वापरावेत व मासे बंदिस्त पैदाशीतील घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य अनुसंधान संस्थेने मंडपम येथे विदूषक माशांच्या पैदाशीचे तंत्र बसविले आहे. शैवालभक्षी ब्लेनी मात्र अजूनही बहुतांशी समुद्रातून पकडूनच बाजारात येतात.

मळ्याचे संगोपन : खर्चाचा व कायद्याचा विचार करता पठारावरील हौशी माणसाला मळ्या अधिक सोयीचा आहे. अभयारण्यातून तो पकडता येत नाही; अन्यत्रही ओढ्यातून चार-पाचांपेक्षा अधिक मासे उचलू नयेत. रंगीत माशांच्या निर्यातीसाठी केरळ व कर्नाटकातील नद्यांतून झालेल्या बेसुमार पकडीने सह्याद्रिया डेनिसोनी  या देखण्या माशाची काय दशा झाली, हे समोर आहे. टाकी एक मीटर लांब असावी. उंची बेताची चालते. एका टोकाला पंप लावून पाण्याला ओढ द्यावी, तळाशी वाळू कमी व नदीतले गुळगुळीत गोटे अधिक ठेवावेत. झाकण घट्ट असणे आवश्यक आहे, कारण चकतीच्या आधारे हा मासा ओल्या काचेवरून वर चढतो व रात्री बाहेर पडतो. खाद्यासाठी गोट्यांचे दोन संच करावेत. एक संच टाकीत असताना दुसरा उन्हात ठेवलेल्या पाण्याच्या घमेल्यात ठेवला म्हणजे आठ-पंधरा दिवसांत त्यावर तपकिरी पटल धरते. मग दोन्ही संचांची अदलाबदल करावी. गोटे टाकीत पडताच मासे त्यांवर तुटून पडतात व तासाभरात त्यांचा मूळ काळा रंग उघडा करतात.